वाकलेल्या पाठी

गिरजा भोयर उघड्यावर बसत नाही, हे मोहबोडीत कुणाला वेगळं सांगावं लागत नाही. लग्नाच्या मांडवात ती भिंतीला पाठ लावून बसते. शाळेत खुर्चीवर बसते, एसटीत खिडकीजवळ बसते. पण शेतात, बोडीच्या म्हणजे गावतळ्याच्या पाळीवर, मोहाच्या झाडाखाली, किंवा फाट्यावर बसची वाट पाहताना ती उभीच असते. पायांत गोळे आले तरी उभी. नवीन लग्न होऊन आलेल्या सुना सुरुवातीला म्हणायच्या, "बसा न बाई, काऊन उभ्या हाव?" मग कुणीतरी त्यांच्या कानात सांगायचं आणि त्या गप्प व्हायच्या.

सावली तालुक्यातल्या या गावाला एका अंगाला धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, आहेत आणि दुसऱ्या अंगाला जंगल. मधे रेघ कुणी मारलेली नाही. धान गुडघ्याएवढं असतं तेव्हा जंगल लांब वाटतं. धान निसवलं, लोंब्या आल्या, कमरेच्या वर गेलं, की जंगल बांधीत येऊन उभं राहतं.

गिरजाचं माहेर मूल गावाच्या बाजूला, असंच. नऊ-दहा वर्षांची असताना तिला तिथे एक काम मिळालं. बाया रोवण्याला वाकल्या, निंदायला वाकल्या, मोहफुलं वेचायला वाकल्या, की त्यांच्यातल्या एकीनं वाकायचं नाही. तिनं धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, उभं राहायचं. एका हातात रिकामा डबा, दुसऱ्या हातात काडी. बाकी काही करायचं नाही, नुसतं पाहायचं. हे काम म्हातारीला द्यायचे किंवा पोरीला.

"वाकला माणूस वाघाले माणूस वाटत नाई," आजी सांगायची. "उभा दिसला का तो बिचकते. वाकला का तुहा चितळ होते."

गिरजा त्या कामात तरबेज निघाली. कशाकडेच बघायचं नाही, म्हणजे जे हलेल ते आपोआप दिसतं, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. मान डावीकडून उजवीकडे हळूहळू फिरवायची, झाडीच्या कडेला थोडी थांबवायची, परत आणायची. काही दिसलं तर डबा वाजवायचा आणि एकच शब्द ओरडायचा: उठा. 'पळा' म्हणायचं नाही. पळणाऱ्याच्या मागे तो येतो. उठा.

चैतातल्या एका सकाळी मोहाखाली तिनं पाहिलं. पिवळ्या गवतात पिवळं काही सरकलं. तिनं डबा वाजवला, ओरडली. बाया उठल्या. तिची आत्या बायनाबाई हिची कंबर धरलेली असायची. गुडघ्यावर हात ठेवून, 'अरे देवा' म्हणत उठायची तिची रीत होती. तेवढा वेळ तिला मिळाला नाही.

गिरजाला कुणी बोल लावला नाही. पोरीनं डबा वाजवला म्हणून बाकीच्या घरी आल्या, असंच सगळे म्हणाले, आणि ते खरंही होतं. तिनं पाहिलं होतं, वेळेवर पाहिलं होतं. चूक सापडली असती तर ती सुधारता आली असती. तिच्याजवळ सुधारायला काहीच नव्हतं. म्हणून ती आणखी पाहू लागली, आणि ते पाहणं पुढे सुटलंच नाही.

अशी बाई ड्रॉईंगची शिक्षिका झाली. सावलीच्या शाळेत ती एलिमेंट्री, इंटरमिजिएटच्या परीक्षांना मुलं बसवते. टेबलावर लोटा, त्याच्याजवळ दोन वांगी, मागे घडी मोडलेला टॉवेल. वस्तुचित्रात तिचा हात असा चालतो की लोट्यावरचा पोचा मुलांना लोट्याआधी कागदावर दिसतो. निसर्गचित्र मात्र ती वर्गात, दार लोटून, आठवणीतून शिकवते. मुलांना बाहेर नेत नाही. बाहेर बसून चित्र काढायचं म्हणजे मान खाली घालायची. पाठ उघडी टाकायची. तासभर.

मुलगी दिव्यानी नागपूरच्या एका दवाखान्यात नर्स आहे. तिनंच आईचं नाव हिरूरकर सरांच्या रविवारच्या ऑनलाइन वर्गात घातलं. हे सर नागपूरचे, निवृत्त चित्रकलाशिक्षक. दरवर्षी दिवाळीच्या सुट्टीत दहा-बारा जणांना घेऊन ते परदेशी कुठेतरी स्केचिंगला जातात. यंदा बाली ठरलं होतं. पितृपक्षात दिव्यानी घरी आली ती आईच्या पासपोर्टचा फॉर्म भरून, तारीख घेऊनच आली.

"मले नाई जाचं," गिरजा म्हणाली. "दिवाळीनंतर कापणी हाये."

"कापणी बाबा पाह्यतीन. आई, मी जलमल्यापासून तुले बाहेर बसलेली नाई पाह्यली. एकदाही नाई. मी लहान होतो तं तू मले शेतात उभ्यानं दूध पाजे म्हणते आजी."

"तं का झालं? मेली का तू?"

"तिथी वाघ नाई आई. समुद्राच्या मधात हाये ते. जा, स्टुलावर बस, आन् एक चित्र काढून आण. बसून काढलेलं. दुसरं मी काहीच नाई मांगत तुले."

ओसरीत नांगराच्या फाळाला तेल लावत बसलेला गिरजाचा नवरा धनराज म्हणाला, "वाघ नाई म्हंते तिथी. मंग तुही माय तिथी पाह्यन तं का पाह्यन?"

दिव्यानी हसली. गिरजाला हसू आलं नाही, कारण तिलाही तोच प्रश्न पडला होता.

सरांनी ग्रुपवर सांगितलं की निघायच्या आधी प्रत्येकानं आपल्या गावात उघड्यावर बसून एक चित्र काढून पाठवावं. रविवारी सकाळी ऊन चांगलं वर आल्यावर गिरजा बोडीच्या पाळीवर गेली. सोबत दिव्यानी, हातात प्लास्टिकचा स्टूल. जंगलखात्यानं त्या आठवड्यात दवंडी दिली होती, एकट्यानं शेतात जाऊ नका म्हणून. पण बोडी गावाला लागून होती. पाण्यावर शिंगाड्याची पानं पसरली होती. पलीकडे निसवलेलं धान, त्याच्यामागे साग.

दिव्यानीनं स्टूल मांडला. "बस."

गिरजा स्टुलामागे उभी राहिली.

"आई."

"बसतो न. थांब."

तिनं एक हात स्टुलावर टेकवला. गुडघे वाकवले. धान तिच्या डोळ्यांच्या पातळीवर आलं. आता धानाच्या वरचं काही दिसत नव्हतं. नुसती लोंब्यांची भिंत होती आणि वारा नव्हता. पेन्सिल कागदावर टेकली. एक आडवी रेघ झाली, पाण्याची. तेवढ्यात सागात वानर खेकसलं, जनावर दिसलं की खेकसतं तसं. एकदा. मग परत.

गिरजा उठली तेव्हा स्टूल पाण्यात पडला. तिनं दिव्यानीचा दंड धरला, तिला आपल्या पाठीमागे घेतलं, आणि सागाकडे तोंड करून दोघी उलट्या पावलांनी पाळ उतरल्या. वळून सरळ चालू दिलं असतं तर दिव्यानी रस्त्यात दोनदा ठेचकाळली नसती. घरी पोचल्यावर तिच्या दंडावर चार बोटं उमटलेली होती.

"काही नव्हतं," दिव्यानी दंड चोळत म्हणाली. "कुत्रं असन."

"असन."

संध्याकाळी कळलं की बोडीपलीकडच्या बांधीतून गावातल्या चैतूचा गोऱ्हा वाघानं नेला. जेवताना दिव्यानीच म्हणाली, "इथी नको बसू. इथी मी नाई म्हणत. पण तिथी बस." गिरजाच्या लक्षात आलं की ही पोरगी आपल्याला सहलीला पाठवत नाही आहे. हिला भीती वाटते आहे, आपली आई कधीतरी अशी उभ्या उभ्याच मरेल म्हणून.

"बसन," ती म्हणाली. "तिथी बसन."

नागपूरला विमानतळावर सगळे पहिल्यांदा प्रत्यक्ष भेटले. हॉटेलात गिरजाच्या खोलीत राहणार होत्या चंद्रपूरच्या इंदुताई, बँकेतून निवृत्त झालेल्या, गुडघ्यांनी अधू आणि जिभेनं धड. पहिल्या तासातच त्यांनी विचारलं, "तू सावलीची म्हणजे वाघाच्या पोटातली. आमच्या चंद्रपुरात आता वाघ पावर हाऊसमध्ये फिरतात, तुमच्याकडे तर बाथरूममध्ये येत असतील?"

"दार लावून घेतो आम्ही," गिरजा म्हणाली. इंदुताई खूष झाल्या.

बालीत उतरल्यावर मोठ्या गाडीतून डोंगराकडे नेलं. खिडकीतून पाहता पाहता गिरजा अंग आवळून बसली. धान होतं. सगळीकडे धान. डोंगराच्या अंगावर पायऱ्या पायऱ्या करून लावलेलं, पण तेच धान, तोच वास, बांधीतून बांधीत पडणाऱ्या पाण्याचा तोच आवाज. आपण समुद्र ओलांडून मोहबोडीच्याच धुऱ्यावर येऊन उभे राहिलो, असं तिला वाटलं. फक्त इथे बायाबापे धानातून जाताना झाडीकडे मान वळवत नव्हते. एक पोरगा गवताचा भारा डोक्यावर घेऊन नाल्यातून एकटाच चढून आला, शीळ घालत. तिला ते पाहवलं नाही.

पहिल्या दिवशी सगळे पायऱ्यांच्या कडेला ओळीनं बसले. बारा स्टूल, अकरा वाकलेल्या पाठी. गिरजाचा स्टूल रिकामा. ती मागे नारळाला पाठ टेकून उभी राहिली, वही छातीशी धरून. मान डावीकडून उजवीकडे. हिरूरकर सर एकेकाच्या मागे फिरत आले.

"ताई, बसत काऊन नाही?"

"उभ्यानं जमते सर मले."

सरांनी तिची वही पाहिली. कागद कोरा होता. "जमू द्या," ते म्हणाले, आणि पुढे गेले.

दुसऱ्या दिवशी एका देवळाच्या आवारात तिला भिंत मिळाली. भिंतीला पाठ लावून ती बसली, आणि दारावरचं कोरीव काम तिनं असं काढलं की ग्रुपमधले दोघे-तिघे येऊन पाहून गेले. सर खाली बसले, तिच्या शेजारी. "हात तर सोन्यासारखा आहे तुमचा. पण हे वस्तुचित्रच झालं. देऊळ टेबलावर ठेवल्यासारखं. उद्या परत शेतात जायचंय. उद्या मला तुम्ही स्टुलावर पाहिजे. शेवटचा दिवस आहे."

जेवताना गिरजानं वाटाड्याला विचारलं. वायान त्याचं नाव, पर्यटकांसोबत राहून मोडकी हिंदी शिकलेला. "यहाँ बाघ है क्या?"

"पहले था, दीदी. परदादा के टाइम. अभी एक भी नहीं. खतम."

"किसने मारा?"

वायाननं खांदे उडवले. "सबने."

"सुटलो!" इंदुताई म्हणाल्या आणि नूडल्समध्ये काटा फिरवला. "ऐकलंस ना? आता तरी खाली टेक बाई. तू मागे उभी असलीस की मला सारखं वाटतं, परीक्षेत सुपरवायझर आलाय."

सगळे हसले. गिरजानंही हसल्यासारखं केलं. तिच्या मनात मात्र दुसरंच चालू होतं. इथेही कुणीतरी डबा घेऊन उभं असेल कधीकाळी. मग एक दिवस त्याला कुणीतरी सांगितलं असेल, आता नको उभा राहू. त्यानं ते लगेच मानलं असेल का? की तो पुढे वर्षानुवर्षं येऊन उभा राहिला असेल, आणि लोक त्याला हसले असतील?

तिसऱ्या दिवशी ढग होते. हवा अशी दाटलेली की कागदही ओलसर लागत होता. सरांनी ज्या पायऱ्यांवर नेलं तिथलं धान पिकायला आलेलं होतं, कमरेच्या वर. खाली केळीची दाटी, तिच्यापलीकडे ओढा. गिरजा ओळीच्या टोकाला, इंदुताईंच्या शेजारी उभी राहिली. स्टूल समोर होता. सरांनी लांबून तिच्याकडे पाहिलं आणि बोटानं स्टूल दाखवला.

बसन, असं ती पोरीला म्हणाली होती. गाडी तीन वाजता निघणार होती.

तिनं वही उघडली. उभ्यानंच का होईना, मान खाली घातली. समोरची पायरी, तिच्याखालची, तिच्याखालची. रेघा वळत गेल्या. एका वळणाला पेन्सिल आडवी धरून तिनं छाया भरली आणि ती छाया बरोबर बसली. अशी बसली की तिला पुढचं वळण बघायची घाई झाली. किती वेळ गेला तिला कळलं नाही. एवढंच कळलं की आपण कितीतरी वेळ वर पाहिलेलं नाही.

तिनं मान उचलली. इंदुताईंचा स्टूल रिकामा होता.

पाण्याची बाटली तिथेच. चष्म्याची डबी तिथेच. ब्रश धानाच्या मुळाशी पडलेला. आणि खाली, केळीच्या अलीकडे, उंच गवत हललं. वारा नव्हता.

गिरजाच्या हातात डबा कधी आला तिलाच माहीत नाही. इंदुताईंचा चिवड्याचा स्टीलचा डबा होता तो. त्यावर तिनं घडीच्या स्टुलाची निखळलेली दांडी हाणायला सुरुवात केली, आणि छातीच्या तळातून तो एकच शब्द बाहेर आला.

"उठा! उठा रे! उठा!"

सगळे उठले. रंगाचे पाण्याचे ग्लास उलटले, कुणाचा तरी स्टूल पायरीवरून घरंगळत खालच्या धानात गेला, नागपूरच्या एका गृहस्थानं आपलं ओलं चित्र छातीशी कवटाळलं आणि शर्ट निळा करून घेतला. "काय झालं? साप?" "भूकंप आहे का?" गिरजा कुणाला उत्तर देत नव्हती. ती वाजवत होती, ओरडत होती आणि गवताकडे चालत होती. पळत नव्हती. छाती पुढे, हात पसरलेले, जेवढं मोठं होता येईल तेवढं मोठं होऊन.

गवतातून इंदुताई उभ्या राहिल्या. एक हात गुडघ्यावर, दुसरा सलवारीच्या नाडीवर.

"अगं बाई!" त्या म्हणाल्या. "अगं, मुतायलाही जाऊ देणार नाहीस का मला?"

मग मागून कुणीतरी फिस्सकन हसलं आणि ते हसू ओळीभर पसरलं. इंदुताई मात्र हसल्या नाहीत. त्यांचा चेहरा लाल झाला होता. चार पुरुषांसमोर नाडी धरून उभं राहावं लागलं होतं त्यांना.

"तुझा वाघ तुझ्याजवळ ठेव, गिरजा. माझ्यामागे लावू नकोस," त्या म्हणाल्या. वर चढताना गिरजानं हात पुढे केला तो त्यांनी घेतला नाही. वायानचा धरला.

गिरजा डबा घेऊन तशीच उभी होती. आणि त्याच वेळी तिला ऐकू आलं: दरीच्या पलीकडच्या पायऱ्यांवरून कुणीतरी डबे वाजवत होतं. खडखड खडखड. थांबलं. परत खडखड. तिच्या वाजवण्याला कुणी दुरून जाब द्यावा तसं.

"वो क्या है?" तिनं वायानला विचारलं.

"चिड़िया, दीदी. चिड़िया भगाता है. वो सोचा होगा, आप भी भगाता है."

हिरूरकर सर आले. त्यांच्या चष्म्यावर रंगाचे शिंतोडे होते. "ताई, मी रागावत नाही आहे," ते म्हणाले, आणि ते रागावलेले होते. "पण बाकीच्यांचं चित्र गेलं आजचं. तुम्ही आता गाडीत बसा, एसी आहे तिथे. किंवा जरा फिरून या. इथे उभ्या राहू नका. माझी विनंती आहे."

गाडीत बसायचं म्हणजे तीन वाजता तशीच परत जायचं. उघड्यावर एकदाही न बसता, अर्धं चित्र घेऊन. गिरजानं डबा पुसला, इंदुताईंच्या स्टुलाजवळ ठेवला, आपली वही घेतली, आणि धुऱ्याधुऱ्यानं पलीकडे निघाली. कुठे जायचं ते ठरलेलं नव्हतं. आवाज येत होता त्या बाजूला पाय चालले. ओढ्यावर बांबूचा पूल होता. तो ओलांडताना ती दोनदा थांबली, केळीकडे पाहिलं, आणि स्वतःचाच राग आला तिला.

वर एक खोपटी होती. चार खांब, वर झावळ्या, गुडघ्याएवढ्या उंचीवर बांबूची माची. भिंत एकही नव्हती. माचीवर एक म्हातारी पाय दुमडून बसली होती, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला. तिच्या पायाशी खांबाला दोऱ्यांचा जुडगा बांधला होता. दोऱ्या सगळ्या धानावरून चहूकडे गेलेल्या, आणि प्रत्येकीवर डबे, बाटल्या, प्लास्टिकच्या पन्न्या लोंबत होत्या. पाखरांचा थवा बसू लागला की म्हातारी एक दोरी ओढायची. खडखड. थवा उडून दुसरीकडे जायचा. मग दुसरी दोरी.

गिरजाला पाहून ती काहीतरी बोलली आणि दातांविना हसली. समोरच्या पायऱ्यांकडे बोट दाखवून तिनं हवेत डबा बडवल्याची नक्कल केली. म्हणजे तिनं पाहिलं होतं सगळं. मग शेजारच्या बांबूवर थापटी मारली. बस.

गिरजा उभी राहिली. चहूबाजूंनी उघडं होतं. मागे धान, पुढे धान.

ती म्हातारीकडे पाहत राहिली. म्हातारी तिच्याकडे पाहत नव्हती. म्हातारी कशाकडेच पाहत नव्हती. मान डावीकडून उजवीकडे हळूहळू जात होती, धानाच्या कडेला थोडी थांबत होती, परत येत होती. डोळे सैल सोडलेले. पाखराचा पंख हलण्याआधी तिचा हात दोरीवर जात होता.

गिरजाला मोहबोडीतल्या, मूलकडच्या सगळ्या पाठी आठवल्या. रोवण्याच्या, निंदणाच्या, मोहाखालच्या. त्या बाया कशा निवांत वाकायच्या. एकमेकींची टिंगल करायच्या, गाणी म्हणायच्या, मान वर न करता सासवांना शिव्या घालायच्या. त्यांना भीती नव्हती असं नाही. गिरजा उभी होती म्हणून त्या वाकू शकत होत्या. तिच्या मागे मात्र या जन्मात कधी कुणी उभं राहिलं नव्हतं.

ती बसली.

बांबू करकरला. पाठीवर लगेच काटा आला, मानेपासून कमरेपर्यंत. कातडी आवळून धरल्यासारखी. तिनं वही मांडीवर घेतली. दरीपलीकडे आपला ग्रुप दिसत होता. परत बसले होते सगळे. लांबून ती माणसं वाटत नव्हती, धानाच्या कडेला ठेवलेल्या गाठोड्यांसारखी वाटत होती. टोकाचं गाठोडं इंदुताईंचं, डावीकडे कललेलं, कारण त्यांचा उजवा गुडघा दुखतो.

पेन्सिल टेकली. पहिली पाठ झाली. खडखड. गिरजाची मान वर गेली. म्हातारीनं दोरी सोडली होती, पाखरं उडत होती, बाकी काही नव्हतं. तिनं मान खाली घातली. दुसरी पाठ. तिसरी. खडखड. मान जराशीच उचलली, डोळे वर गेले नाहीत. चौथ्या पाठीला सरांचा वाकलेला खांदा बरोबर आला, त्यात त्यांचा रागही आला, आणि तिला त्याची गंमत वाटली. पाठीवरचा काटा गेला नव्हता. पण तो आता तिच्या आणि कागदाच्या मधे येत नव्हता. मागेच राहत होता, जिथे असायचा तिथे.

इंदुताईंच्या पाठीला तिनं वेळ दिला. टॉवेलच्या घडीला द्यावा तसा. ब्लाऊजऐवजी कुर्ता होता, त्याची शिवण खांद्याकडून कशी ताणली गेली होती, मान कशी खाली गेली होती, कानामागे केस कसे सुटले होते. एवढ्या लांबून ते दिसणं शक्य नव्हतं. पण तीन दिवस ती त्याच पाठीच्या मागे उभी होती. आपण नुसती झाडी पाहत नव्हतो, ही पाठही पाहत होतो, हे तिला आता कळत होतं.

मग तिला जाणवलं की बराच वेळ डबे वाजलेले नाहीत.

तिनं मान उचलली. म्हातारी खांबाला डोकं टेकून झोपली होती. तोंड उघडं, दोरी बोटांतून सुटलेली. पिकल्या धानावर पाखरं उतरली होती, शेकड्यांनी, आणि लोंब्या त्यांच्या भारानं वाकत होत्या. धानाच्या मधोमध काहीतरी हललं. पाखरंच असतील.

गिरजाचे पाय ताठले. तळवे जमिनीला टेकले. उठायला लागणारी सगळी ताकद मांड्यांत येऊन उभी राहिली. आपण कुणाच्या भरवशावर मान खाली घातली होती? ही तर केव्हाची झोपली. तेवढा वेळ मागे कुणीच नव्हतं, आणि तेवढ्या वेळात इंदुताईंची पाठ झाली होती.

ती उठली नाही. डाव्या हातानं तिनं सुटलेली दोरी ओढून घेतली, मनगटाला एक वेढा दिला आणि झटका मारला. खडखड. थवा उठला, आभाळात एक वळण घेऊन खालच्या पायरीकडे गेला. म्हातारी हलली, तोंड मिटलं, परत उघडलं. जागी झाली नाही. झोपू दे, गिरजाला वाटलं. कधीपासून बसली असेल कुणास ठाऊक.

पलीकडून हिरूरकर सर हात हलवत होते. गाडी आली असावी. त्यांनी तिच्या नावानं हाक मारली, ती दरीतून तुटक तुटक आली.

"येतो," गिरजा म्हणाली, आपल्याशीच, त्यांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात. "दोन पाठी राह्यल्या."

सर उभे राहिले, त्यामुळे त्यांची पाठ कागदावरच राहिली. बाकीचे अजून वाकलेले होते. तिनं मान खाली घातली. उजवा हात चालू लागला. डावा हात दोरीवर होता, आणि थवा परत बसायच्या थोडं आधीच तिनं ती ओढली.